का बे, कॅप्स चालूय का?

कॅपिटल अक्षरांबद्दल लिहायला बसलोय आणि या मजकुरात एकही कॅपिटल अक्षर सापडणार नाही. देवनागरीत ते नाहीच. ‘क’ वाक्याच्या सुरुवातीला असो, गावाच्या नावात असो, नाहीतर शिवीत, तो तेवढाच राहतो. सोलापुरातल्या बाकीच्या भाषांचंही तेच. तेलुगूला कॅपिटल नाही, कन्नडला नाही, उर्दूलाही नाही. म्हणजे गावात चार भाषा, चार लिप्या, आणि चारही लिप्यांत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. तरीही कुठल्याही पेठेतला व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, निम्मे मेसेज रोमनमध्ये, आणि त्यातले बरेच पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कॅपिटलमध्ये.

रोमनची सवय एसएमएसच्या काळातली आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं की मर्यादा थेट ७० वर यायची, आणि पैसे दोन-तीन मेसेजचे लागायचे. त्यातून घरात एक तेलुगू बोलणार, शेजारी दुसरा कन्नड, पलीकडे तिसरा उर्दू. मराठी सगळ्यांना कळते, पण अंगठ्याला सोपी पडते ती इंग्रजी कळफलकाची. एसएमएसचा हिशेब कधीच संपला, सवय राहिली.

कॅपिटलची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथं दोन पिढ्या एकच अक्षर दोन प्रकारे वाचतात आणि भांडण तिथंच लागतं.

सोलापुरी ‘बे’ घ्या. ‘का बे, कुठं हायस?’ हे तोंडानं म्हटलं तर त्यात खांद्यावर टाकलेला हात असतो. रोमनमध्ये स्मॉल अक्षरांत लिहिलं तरी तो हात बऱ्यापैकी टिकतो. तेच वाक्य सगळं कॅपिटलमध्ये आलं की समोरचा दचकतो. आता हा ‘बे’ दोस्तीतला की कॉलर धरतानाचा, हे सूर ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि कॅपिटलनं सूर आधीच वरच्या पट्टीत नेऊन ठेवलेला असतो. शिवाय कॅपिटल बी आणि कॅपिटल ई शेजारी आले की नजर आधी इंजिनिअरिंगच्या पदवीवर जाते, ते निराळंच.

कॅपिटल म्हणजे ओरडणं हा अर्थ इंटरनेटवर बसला तो १९८० च्या दशकात, यूजनेट नावाच्या चर्चागटांमध्ये. त्याआधीच्या बऱ्याच यंत्रांना दुसरं अक्षरच येत नव्हतं. टेलिप्रिंटर पाच बिटांच्या संकेतावर चालायचा. पाच बिटांत ३२ खुणा होतात, त्यात २६ अक्षरं बसवली की लहान अक्षरांना जागाच उरत नाही. संगणकासाठी १९६३ साली आलेल्या आस्की संकेतातही आधी फक्त कॅपिटल होती, स्मॉल अक्षरं १९६७ च्या सुधारित आवृत्तीत आली. कॅपिटल ए चा क्रमांक ६५ होता, स्मॉल ए ला ९७ मिळाला. फरक ३२ चा, आणि प्रत्येक अक्षराला तेवढाच. जोपर्यंत सगळंच कॅपिटल होतं तोपर्यंत कोणी ओरडत नव्हतं. लहान अक्षरं सहज मिळायला लागली आणि मग मोठी वापरणारा ‘मुद्दाम वापरतोय’ असं दिसायला लागलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या नावानं नेटवरच्या शिष्टाचाराची नियमावली निघाली. तिच्यात हे स्पष्टच लिहिलंय: लहान-मोठी मिसळून लिहा, सगळी मोठी अक्षरं ओरडल्यासारखी दिसतात. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर दोन्ही बाजूंना चांदणी (*) लावा, हेही तिथलंच. व्हॉट्सॲपवर ठळक अक्षरांसाठी आज आपण जी चांदणी लावतो, ती खूण इतकी जुनी आहे.

जुनी यंत्रसवय सुटायला मोठमोठ्या संस्थांनाही वेळ लागला. अमेरिकेच्या नौदलानं आपले संदेश सगळे कॅपिटलमध्ये लिहायची सक्ती २०१३ साली काढली, आणि तिथल्या हवामान खात्यानं मे २०१६ मध्ये. आपल्याकडची तार १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. इंग्रजी तारेचा मजकूर हातात यायचा तो कॅपिटलमध्येच.

आता ग्रुपवर सगळं कॅपिटलमध्ये लिहिणाऱ्या आपल्या काकांकडे वळू. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत भेटायची, आणि भेटायची ती आधी ‘पहिली लिपी’, म्हणजे कॅपिटल. पुढं इंग्रजी लिहायची वेळ आली ती बहुतेक फॉर्म भरताना: बँकेची स्लिप, रेल्वेचं आरक्षण. प्रत्येक फॉर्मच्या वर एकच सूचना, मोठ्या अक्षरांत भरा. चाळीस वर्षं ज्याला हे सांगितलं गेलं, त्याच्या हिशेबी कॅपिटल म्हणजे स्वच्छ, सुवाच्य, अधिकृत. तो रागावलेला नसतो, उलट नीट लिहीत असतो. त्याची सून किंवा पुतण्या पुण्यात आयटीत असतो आणि त्याला तोच मेसेज कानाशी ओरडल्यासारखा लागतो.

म्हणून वाचणाऱ्यानं अक्षरं बघू नयेत, बदल बघावा. एखादा माणूस वर्षभर ‘शुभ सकाळ’सुद्धा कॅपिटलमध्येच पाठवतोय, तर त्याच्या कॅपिटलला काही अर्थ नाही, ती त्याची लिपी आहे. पण जो नेहमी स्मॉलमध्ये लिहितो त्याचा एकच मेसेज कॅपिटलमध्ये आला, तर त्याचा पारा चढलाय हे समजून चाला, आणि टाइप करत बसण्यापेक्षा फोन करा. तिसरी शक्यता नेहमी असते: दिवसभर दुकानात बिलिंगला कॅप्स लॉक लावलेलं, तसंच व्हॉट्सॲप वेबवर येऊन लिहिलं. याची खूण अशी की पहिले दोन मेसेज कॅपिटलमध्ये येतात आणि तिसरा अचानक नीट.

लिहिणाऱ्याच्या बाजूनं बघायचं तर रोमन मराठीत सगळं कॅपिटल करण्यात सौजन्यापलीकडचे तोटे आहेत, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटतात. रोमन मराठीला मुळातच ठरलेलं स्पेलिंग नाही. ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ तिन्ही एकसारखेच लिहिले जातात. ‘दर’ आणि ‘दार’ही. वाचणारा संदर्भावरून ओढून नेतो. सगळं कॅपिटल केलं की त्यात संक्षेपांचा घोळ वाढतो. ‘पण’ कॅपिटलमध्ये लिहा, ते पॅन कार्ड होतं. ‘ऊस’ लिहा, अमेरिका होते. आणि हा साखर कारखान्यांचा जिल्हा, म्हणजे ‘ऊस कधी जाणार’ हा प्रश्न हंगामात दिवसाला दहा वेळा विचारला जातो. उलट बाजूही आहे: मिसळून लिहिलेल्या मेसेजमध्ये जीएसटी, एमआयडीसी असे संक्षेप कॅपिटल असल्यामुळे चटकन डोळ्यांत भरतात. सगळंच कॅपिटल असेल तर ते गर्दीत हरवतात.

डोळ्यांचंही एक कारण आहे. स्मॉल अक्षरांत बी, डी, एच, एल यांच्या काठ्या वर जातात, जी, पी, वाय यांच्या शेपट्या खाली येतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाला एक उंचसखल बाह्यरेषा मिळते. कॅपिटल सगळी एका उंचीची, शब्द म्हणजे नुसता चौकोनी ठोकळा. दोन शब्दांची पाटी असेल तर काही बिघडत नाही. चार ओळी झाल्या की वाचणारा मधलं गाळायला लागतो, आणि नेमकी वेळ किंवा आकडा मधेच असतो.

सोलापूरच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वाचला जाणारा मेसेज पाण्याचा. उजनी धरणाचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, त्यामुळे ‘उद्या पाणी’ या मेसेजवर अख्ख्या गल्लीचं धुणं, टाकी आणि सुट्टी ठरते. हा मेसेज साधारण कसा येतो? सगळा कॅपिटल, पूर्णविराम एकही नाही, आधी सर्व सभासदांना नम्र विनंती, मग कळवण्यात येते की, मग कोणत्या टाकीवरून, शेवटी तीन उद्गारचिन्हं आणि सायरनचे चार इमोजी. वेळ सातव्या-आठव्या शब्दानंतर कुठेतरी. दर वेळी असाच सायरन वाजला की लोक तो ऐकायचं सोडतात, आणि ज्या दिवशी पाणी खरोखरच रद्द होतं त्या दिवशी ओरडायला वरची पट्टी उरलेली नसते.

तोच मेसेज असा लिहा:

*उद्या मंगळवार, पाणी सकाळी ६ ते ८*
आपली गल्ली आणि मागची लाइन.
मोटार ६ नंतरच लावा, पहिला गढूळ फ्लश जाऊ द्या.

पहिली ओळ ठळक, कारण फोनच्या पडद्यावर नोटिफिकेशनमध्ये तेवढीच दिसते. वार आणि वेळ दोन्ही तिथंच. बाकीच्या ओळींना चांदणी नको. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडचे रस्ते बंद असतात तेव्हाचा मेसेज, लाइट जाणार असल्याचा मेसेज, सोसायटीची मीटिंग, सगळ्यांना हाच साचा चालतो: काय आणि कधी पहिल्या ओळीत, कोणासाठी दुसऱ्या, काय करायचं तिसऱ्या.

चांदणीचे बारकावे बरेच जण चुकतात. ती शब्दाला चिकटून हवी. चांदणी आणि शब्द यांच्यात जागा सोडली तर अक्षर ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसत राहतात. ओळ बदलली की जोडी तुटते, दर ओळीला वेगळी जोडी लावावी लागते. अंडरस्कोअर लावला की अक्षर तिरकं होतं. रोमनला ते शोभतं, पण तिरकी देवनागरी काही फोनवर इतकी विचित्र दिसते की टाळलेली बरी. ओळीच्या सुरुवातीला मोठ्यापेक्षाचं चिन्ह (>) आणि एक जागा दिली की ती ओळ अवतरणासारखी बाजूला काढलेली दिसते, नियम-सूचनांना ते बरं. एका मेसेजमध्ये ठळक जागा एकच ठेवावी. चार ठिकाणी ठळक केलं की ते पुन्हा कॅपिटलच झालं.

आता जिथं कॅपिटलच हवं त्या जागा. व्यापाराच्या गावात त्या कमी नाहीत.

चादर-टॉवेलची ऑर्डर गुजरातहून येवो की हैदराबादहून, त्यासोबत जीएसटी नंबर येतो. तो १५ अक्षरांचा: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन, मग एक नोंदणीचा अनुक्रम, चौदाव्या जागी सहसा झेड, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. हा नंबर कॅपिटलमध्येच लिहावा, कारण स्मॉलमध्ये एल आणि एक हा इंग्रजी आकडा बऱ्याच फोनवर जुळे दिसतात, आणि कॅपिटल आय आणि स्मॉल एल तर कित्येक फाँटमध्ये एकच उभी रेघ असतात. पण कॅपिटलचेही स्वतःचे जुळे आहेत: ओ आणि शून्य, एस आणि पाच, बी आणि आठ, झेड आणि दोन. चौदाव्या जागच्या झेडचा हातानं उतरवताना दोन होतो तो यातूनच. तपासायची सोपी युक्ती म्हणजे जागा बघणं. पॅनमध्ये पहिल्या पाच जागा अक्षरांच्या, पुढच्या चार आकड्यांच्या, शेवटची अक्षराची. तिथं ओ की शून्य हा प्रश्न जागाच सोडवते. चौथं अक्षर व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, फर्म असेल तर एफ. बँकेच्या आयएफएससीत ११ जागा, पहिली चार अक्षरं बँकेची, आणि पाचवी जागा नेहमी शून्य. तिथं ओ लिहून पाठवणारे दर आठवड्याला भेटतात. पैसे जात नाहीत, मग ‘आमच्याकडून तर नंबर बरोबर दिलाय’ हा फोन.

असे नंबर वाक्यात गुंफू नयेत. वेगळा मेसेज, त्यात फक्त नंबर, आधी-नंतर काही नाही. समोरच्याला दाबून धरून कॉपी करता येतो आणि एखादं अक्षर चुकीचं उचललं जात नाही.

ऑर्डर स्वतः मात्र साध्या भाषेत. सगळ्या कॅपिटलच्या एका लांब ओळीत मापं, नग, रंग आणि ट्रान्सपोर्ट कोंबलेली ऑर्डर ही गोदामातल्या पोरासाठी कोडं असतं. ४० नग कशाचे, चादरीचे की टॉवेलचे, हे त्यानं विचारायला फोन केला तर बरं, नाही केला तर चुकीचा गठ्ठा बांधून तयार. असं लिहावं:

चादर ६० बाय ९० : ४० नग (मरून २०, निळा २०)
टॉवेल ३० बाय ६० : १० डझन, पांढरा
शुक्रवारपर्यंत, नेहमीच्या ट्रान्सपोर्टनं
*बिल्टीचा फोटो टाका*

आकड्याशेजारी नग किंवा डझन हवंच. एका ओळीत एकच माल. कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच उरत नाही, हा देवनागरीचा फुकटचा फायदा.

पासवर्डच्या बाबतीत लहान-मोठं अक्षर म्हणजे कुलपाचा दात आहे. घरी पाहुणे आले की वायफायचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर मागितला जातो, आणि तो दिला तरी लागत नाही. बऱ्याचदा दोष कळफलकाचा असतो: वाक्याचं पहिलं अक्षर तो आपोआप कॅपिटल करतो, पासवर्ड स्मॉलनं सुरू होणारा असला तरी. पाठवण्याआधी पहिलं अक्षर बघा, किंवा ‘पासवर्ड’ हा शब्द आधी लिहून मग जागा सोडून पासवर्ड टाका, म्हणजे तो वाक्याच्या मधे येतो. शिवाय मराठीत सांगून टाका: तिसरं अक्षर मोठं, बाकी लहान. ईमेलच्या पत्त्यात एवढी काळजी लागत नाही. जीमेलवर लहान-मोठं अक्षर सारखंच, मधले टिंबही तो धरत नाही. दुकानाच्या पाटीवर पत्ता कॅपिटलमध्ये रंगवला तरी मेल पोचते.

लिंकचं अर्धं-अर्धं असतं. संकेतस्थळाच्या नावात, म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी, लहान-मोठं कसंही चालतं. त्यानंतरच्या भागात फरक पडू शकतो. यूट्यूबच्या व्हिडिओचा क्रमांक ११ खुणांचा असतो आणि त्यात स्मॉल ए आणि कॅपिटल ए ही दोन वेगळी अक्षरं. लहान केलेल्या लिंकांचंही तसंच. लग्नाच्या पत्रिकेवर लोकेशनची अशी लिंक छापताना डीटीपीवाल्यानं सौंदर्यासाठी ती सगळी कॅपिटल केली की पाहुणे कार्यालय शोधत फिरतात. पत्रिकेवर क्यूआर कोड छापावा हे उत्तम.

मराठी टाइप करायच्या काही पद्धतींत तर कॅपिटल म्हणजे आवाज वाढवणं नसतंच, ते निराळं व्यंजन असतं. आयट्रान्स पद्धतीत स्मॉल टी चा त, कॅपिटल टी चा ट. डी चा द आणि ड. एन चा न आणि ण. एल चा ल आणि ळ. तिथं कॅप्स लॉक चुकून लागला तर ‘तुला’ लिहायला जावं आणि पडद्यावर ‘टूळा’ उमटावा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणखी सुरेख काम करते: क च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, त वर थ, प वर फ. अल्पप्राणाचा महाप्राण. ज्यांनी संगणकावर मराठी अशी शिकली त्यांच्या बोटांना शिफ्ट म्हणजे ‘जोरात’ वाटणं अवघडच.

मग देवनागरीत लोक ओरडत नाहीत का? ओरडतात की. ‘काऽऽऽय’ असा स्वर ताणून, उद्गारचिन्हांची रांग लावून, अख्खा मेसेज ठळक करून. पण मराठी माणूस खरा दुखावतो तो क्रियापदानं. ‘पैसे पाठवा’ आणि ‘पैसे पाठव’ यातल्या एका कान्याचा फरक कॅपिटलच्या चार ओळींपेक्षा जास्त झोंबतो. इंग्रजी शिकलेले काही जण मान देण्यासाठी रोमन मराठीतल्या ‘तुम्ही’ची किंवा ‘आपण’ची सुरुवात मुद्दाम कॅपिटलनं करतात. जर्मन भाषेत आदरार्थी ‘आपण’ कॅपिटलनं लिहायचा नियम आहे. मराठीत तो मान ‘या’, ‘बसा’, ‘अहो’ यांत आधीच असतो, अक्षर वाढवून त्यात भर पडत नाही. आणि निधनाच्या बातमीखाली ‘आरआयपी’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाकायचा मोह टाळावा. कॅपिटलमध्ये ती शिक्क्यासारखी दिसतात, स्मॉलमध्ये त्याच अक्षरांचा इंग्रजीत ‘फाडणे’ असा शब्द होतो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाइप करायला पाच सेकंद जास्त लागतात, तेवढी द्यावीत.

पोरांच्यात उलटी रीत आहे: आपोआप कॅपिटल बंद करून सगळंच स्मॉल, पूर्णविरामही नाही. त्यांच्यात ‘ठीक’ पुढे टिंब दिलं की राग आला असं समजतात. एक अक्षर लहान, एक मोठं अशी नागमोडी ओळ आली तर ती वेडावून दाखवणं असतं, त्यावर गंभीर उत्तर देऊ नये.

ऑफिसच्या मेलवर, विशेषतः नोकरीचा अर्ज पुण्या-हैदराबादला पाठवताना, विषयाच्या ओळीत सगळं कॅपिटल अजिबात नको. माणसाला उद्धट वाटण्याआधी यंत्राला संशय येतो. स्पॅमअसॅसिन या प्रसिद्ध गाळणीत विषय सगळा कॅपिटलमध्ये असला तर संशयाचे गुण वाढवणारा नियमच आहे. चुकून सगळा मजकूर कॅपिटलमध्ये टाइप झाला असेल तर पुन्हा लिहीत बसू नका. वर्डमध्ये मजकूर निवडून शिफ्ट धरून एफ३ दाबा. प्रत्येक दाबण्याला तो स्मॉल, कॅपिटल, पहिलं अक्षर कॅपिटल असा फिरतो. एक्सेलमध्ये ग्राहकांची यादी असेल तर अपर, लोअर आणि प्रॉपर ही तीन सूत्रं आहेत. प्रॉपर प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवतं, नावांना छान, पण एमआयडीसीचं फक्त एम मोठं राहतं आणि जीएसटीचं फक्त जी. ते नंतर हातानं शोधून बदलावं लागतं. जीएसटी आणि पॅनच्या रकान्यावर मात्र अपर चालवावं, लोकांनी कसंही भरलेलं असतं.

ज्यांचा हात दिवसभर कॅप्स लॉकवर असतो त्यांनी विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड या वाटेनं जाऊन टॉगल कीज चालू करावं. कॅप्स लॉक दाबला की पीं वाजतो. दुकानातल्या गोंगाटात ऐकू येईलच असं नाही, पण घरी नक्की.

राहता राहिलं काकांना सांगणं. ग्रुपवर सांगू नये, एवढं एक पाळलं तरी निम्मं काम होतं. ‘ओरडू नका’ हा शब्द तर बिलकूल नको, कारण ते ओरडत नव्हते. दोष कळीवर टाकावा: ‘काका, मोबाइलचं कॅप्स चालू राहिलंय बहुतेक, येऊन बघतो.’ भेटल्यावर फोन हातात घेऊन स्पेसच्या वरच्या ओळीत डावीकडचा वर तोंड केलेला बाण दाखवावा. एकदा दाबला तर एकच अक्षर मोठं येतं, झटकन दोनदा दाबला तर कुलूप लागतं आणि बाणाचं रूप बदलतं. पुन्हा एकदा दाबलं की सुटतं. वय झालेल्या बोटांना दोनदा दाबायची सवय असते, तिथंच कुलूप लागतं. आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्डमध्ये ‘इनेबल कॅप्स लॉक’ बंद केलं की दोनदा दाबलं तरी कुलूप लागत नाही. 

पण काका मुद्दामच मोठी अक्षरं लिहीत असतील, लहान दिसत नाहीत म्हणून, आणि हे कारण बरेचदा असतं, तर मोठी अक्षरं हा त्यांच्या बाजूचा उपाय नाहीच. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्समध्ये जाऊन फाँटचा आकार मोठा करून द्यावा. त्यांना मेसेज मोठे दिसतात, समोरच्याला मेसेज साधाच जातो. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडून द्यावी आणि माइकचं चिन्ह दाखवावं. ‘उद्या सकाळी सहाला पाणी येणारे’ असं ते नेहमीच्या आवाजात बोलतील आणि ते देवनागरीत उमटेल. सोलापुरी उच्चार त्याला कधीकधी कळत नाही, ‘लई’चं भलतंच काही करतो. तेवढं पाठवण्याआधी एकदा वाचायला सांगा.